तात्याराव फॉरमॅटवाले आणि दुसरं कार्ड

आमच्या हुलसूरला तात्याराव बिरादाराला सगळे इंजिनिअर म्हणतात. ही पदवी कुठल्या विद्यापीठानं दिली असं समजायचं कारण नाही. दहावीच्या इंग्रजीनं त्याला दोनदा आडवा केला, त्यानंतर विद्यापीठाचा आणि त्याचा संबंधच आला नाही. पदवी दिली हैदराबादनं. चौऱ्याण्णव साली तो रेडिओ-दुरुस्तीचं दुकान मोडून तिकडं गेला, कारण रेडिओ ऐकणारी माणसं टीव्ही बघायला लागली होती आणि टीव्ही उघडला की तात्यारावाला हमखास शॉक बसायचा. हैदराबादला कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या एका दुकानात तो पाच वर्षं राहिला. पहिली तीन वर्षं खोकी उचलली, पुढची दोन वर्षं खोकी उघडली. नव्व्याण्णवला परत आला तेव्हा त्याच्याजवळ स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच होता, बोलण्यात हैदराबादी 'नक्को, हौ' होतं, आणि कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. फॉरमॅट.

आल्या आल्या त्याचं नाव झालं ते एका संकटानं. सन दोन हजार लागताच जगातले कॉम्प्युटर बंद पडणार अशी हवा होती. गावात कॉम्प्युटर होता एकच, एका अडत दुकानात. तात्यारावानं एकतीस डिसेंबरला तो बंद केला, त्यावर पोतं टाकलं आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. दोन जानेवारीला पोतं काढून बटण दाबलं. चालू! तेव्हापासून तो इंजिनिअर.

मी गुंडेराव. माझं मेडिकल स्टोअर आहे, आणि शेजारी अनिलकुमारचा फोटो स्टुडिओ. त्यामुळं पुढं जे झालं ते मी गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देता देता स्वतः बघितलं आहे. आणि माझं ज्ञान म्हणाल, तर डॉक्टरचं अक्षर वाचणारा माणूस म्हणून गावात मला मान आहे. ते अक्षर मी वाचत नाही, ओळखतो, ही गोष्ट वेगळी.

अनिलकुमार लग्नाचं शूटिंग करायचा आणि त्याचं मिक्सिंगही स्वतःच करायचा. मिक्सिंग म्हणजे नवरीच्या तोंडाभोवती बदामाचा आकार उगवायचा, त्यातून गुलाब पडायचे, आणि गुलाबांतून सासरे बाहेर यायचे. एवढ्या कलेला कॉम्प्युटर वेळ लावायचा. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात, लगीनसराई तोंडावर आलेली असताना, अनिलकुमार गुलबर्ग्याहून एक बातमी घेऊन आला. तिथल्या एका स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरात दोन ग्राफिक्स कार्डं बसवली होती, त्यामुळं म्हणे मिक्सिंग दुप्पट वेगानं होतं.

"एक बैल आन् दोन बैल, फरक पडणारच की," अनिलकुमार मला म्हणाला.

हे गणित इतकं सरळ होतं की त्यावर शंका घेणं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आठवड्यात गुलबर्ग्याच्या एका दुकानातून कार्ड आलं. विटेएवढं लांब, वर दोन पंखे, आणि खोक्यावर आग ओकणारा कुणी राक्षस. अनिलकुमारनं कार्डाला हळद-कुंकू लावलं आणि तात्यारावाला बोलावणं धाडलं.

तात्यारावानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत लांब खाचा दोन होत्या. वरच्या खाचेतलं जुनं कार्ड काढून खालच्या खाचेत बसवलं आणि वर, मानाच्या जागी, नवं. खोक्यात आणखी एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात रंगीत वायरीचा एक आखूड तुकडा, दोन्ही टोकांना पांढरे सॉकेट.

"हे काय, तात्याअण्णा?" अनिलकुमारनं विचारलं.

"हे लायटिंगवाल्या डब्याला लागतंय. आपल्याला नक्को."

पिशवी खोक्यात गेली आणि खोकं माळ्यावर. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी आल्या आणि कॉम्प्युटर तिथंच थांबला. पुढं जायचं नाव घेईना.

तात्यारावानं ओळींकडं बघितलं. अनिलकुमारनं बघितलं. गल्ला सोडून मीही जाऊन बघितलं. तिघांनीही माना हलवल्या.

"व्हायरस," तात्याराव म्हणाला.

इथं त्याच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. फॉरमॅट मारताना तो पडद्याकडं क्वचितच बघायचा. सगळं बोटांत होतं. बटण दाबायचं, सीडी घालायची, एंटर, एंटर, एकदा खाली, एंटर, मग चहा. चहा संपला की पुन्हा एंटर. हैदराबादला उभ्या उभ्या बघून हा क्रम त्यानं पाठ केला होता, आणि दहा वर्षांत तो चुकला नव्हता. गावातल्या प्रत्येक कॉम्प्युटरमधलं सगळं काही त्यानं एकदा तरी पुसलं होतं, आणि मशीन पुन्हा नव्यासारखं चालू झालं म्हणून लोकांनी त्याचे आभारच मानले होते.

नवं कार्ड काढलं की कॉम्प्युटर चालायचा, बसवलं की काळ्या पडद्यावर अडायचा. म्हणजे दोष कुठं आहे हे जवळजवळ कार्डच सांगत होतं. पण तात्यारावानं कार्ड काढून फॉरमॅट मारला, कार्ड बसवलं; पुन्हा त्याच दोन ओळी. मग रॅम काढून खोडरबरनं घासली. कार्डाची सोनेरी पट्टी घासली. माझ्याकडून स्पिरिट आणि कापूस नेऊन खाचा पुसल्या. ओळी ढिम्म.

दुसऱ्या दिवशी त्याचं निदान बदललं.

"अर्थिंग न्हाई तुझ्या दुकानाला. कार्डाला जमीन लागत न्हाई."

मग स्टुडिओच्या मागं कमरेएवढा खड्डा खणला. त्यात कोळसा, मीठ, तांब्याची तार, आणि वर घागरभर पाणी. ग्राफिक्स कार्डासाठी खड्डा खणलेलं आमचं गाव हे बहुतेक पहिलंच असावं. खड्ड्याचा फायदा झाला, नाही असं नाही. दोन्ही दुकानांचं वायरिंग एकच, त्यामुळं माझ्या फ्रीजला हात लावला की मुंग्या यायच्या, त्या थांबल्या. कार्डावर मात्र काही परिणाम झाला नाही.

मलाही त्यांनी मत विचारलं. मी औषधवाला. "दोन कार्डांची एकमेकाला रिअ‍ॅक्शन आली असंल," मी म्हणालो. दोघांनाही हे फार पटलं. तात्यारावानं लगेच रिअ‍ॅक्शनवरचा इलाज म्हणून आणखी एक फॉरमॅट मारला.

तिसरा फॉरमॅट नडला. आतापर्यंत तो फक्त सी ड्राइव्ह पुसत होता. अनिलकुमारची लग्नं डी ड्राइव्हला असायची. तिसऱ्या दिवशी दुपारी अनिलकुमार जेवायला घरी गेला असताना तात्यारावानं विचार केला की व्हायरस सीमधून पळून डीमध्ये लपत असणार. एकदा खाली दाबायचं तिथं दोनदा दाबलं.

जेवून आल्यावर अनिलकुमारनं डी ड्राइव्ह उघडला. रिकामा. बघा, किती स्वच्छ!

"तात्याअण्णा, लग्नं कुठं हायत माझी?"

"कंची लग्नं?"

"तीन लग्नं व्हती! मिक्सिंग करून ठेवलेली!"

"मग परत कर की मिक्सिंग. क्यासेटी हायत न्हवं?"

दोन लग्नांच्या कॅसेटी होत्या. तिसरं लग्न इरप्पाच्या लेकीचं. इरप्पा दोन कोसांवरच्या वाडीचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, हा कोरडवाहू जमीन करतो आणि उरलेले दिवस लोकांच्या रानात जातो. लेक लग्नानंतर नवऱ्याबरोबर पुण्याला बिल्डिंगच्या कामावर गेली होती. त्या लग्नाच्या कॅसेटीवर अनिलकुमारनं काटकसर म्हणून एका पुढाऱ्याचा वाढदिवस शूट केला होता. शिल्लक राहिला होता शेवटचा वीस मिनिटांचा तुकडा. जेवणावळ आणि पाठवणी.

अनिलकुमार तात्यारावाला काय काय बोलला ते मी लिहीत नाही. तो मराठीत सुरू झाला, कन्नडात गेला, आणि तेही पुरेना तेव्हा दखनीत उतरला. तात्याराव उभा राहून ऐकत होता. दहा वर्षांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं. शेवटी अनिलकुमारनं कार्ड परत बसवून घेतलं आणि गुलबर्ग्याच्या त्या दुकानदाराचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. पलीकडं दुकानातल्या काउंटरवरची बाई होती, दीपमाला. फोनचा आवाज एवढा मोठा होता की मला गल्ल्यावर ऐकू येत होतं.

"स्क्रीनवर काय यायलंय, काका?"

"इंग्रजी यायलंय."

"ते व्हय. पर काय लिहून यायलंय?"

"लई यायलंय."

"वाचून दाखवा की."

तात्याराव म्हणाला, "हालो? हालो? रेंज न्हाई," आणि फोन बंद केला. रेंज भरपूर होती. शेजारच्या हॉटेलातला माणूस त्याच वेळी फोनवर दुबईशी बोलत होता.

थोड्या वेळानं तो माझ्या दुकानात आला. कागद-पेन मागितलं. खोकल्याच्या औषधाची जाहिरात छापलेलं एक पॅड मी दिलं. ते घेऊन तो पडद्यासमोर बसला आणि अर्धा तास वर बघत, खाली बघत, त्या दोन ओळी उतरवून काढल्या. लिहिल्या नाहीत, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशा काढल्या. दोन ठिकाणी एस उलटा.

"काय रे हे?" मी विचारलं.

"मॉडेल नंबर हाय. उद्या गुलबर्ग्याला जाऊन दाखवतो."

कागद माझ्या हातात होता. मी तो वाचला असता तर त्याचा हेलपाटा चुकला असता, आणि आज या गोष्टीत मी जरा बऱ्या जागी दिसलो असतो. पण इंग्रजीच्या एवढ्या ओळी बघितल्या की माझे डोळे आपोआप त्यांच्यावरून घसरतात. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षराची घडी असते, ती मी तीस वर्षांत एकदाही वाचलेली नाही. तिच्या पुड्या बांधतो. शिवाय चष्मा घरी होता. मी कागद परत दिला आणि म्हणालो, "बराबर हाय. मॉडेल नंबरच हाय."

पुढचं तात्यारावानंच मला सांगितलं, पण बऱ्याच दिवसांनी.

सकाळच्या गाडीनं तो बसवकल्याणला गेला, तिथून गुलबर्ग्याला. कमलापूरला गाडी थांबली तेव्हा बायकोसाठी तांबडी केळी घेतली, म्हणजे रिकाम्या हातानं परत आलो असं व्हायला नको. दुकानात काउंटरवर दीपमाला होती. तिशीतली, चष्म्याची, आळंदकडची. तिनं आधी कन्नडात विचारलं, मग याची ढब ऐकून मराठीत.

तात्यारावानं कागद पुढं केला. तिनं तो सुलटा केला, एकदा वाचला आणि याच्याकडं बघितलं.

"काका, हे कोण लिहिलंय?"

"मी उतरवून आणलंय. कोड हाय न्हवं त्याचा?"

"कोड न्हाई हो. ह्यात लिहिलंय, कृपा करून मशीन बंद करा आन् ह्या कार्डाला करंटची वायर जोडा."

"एवढंच?"

"एवढंच. नव्या कार्डाला वरून वेगळी वायर लागती. खोक्यात दिलेली असती बघा, रंगीत, आखूड."

तात्याराव मला म्हणाला, "गुंडेराव, मला वाटलं जमीन फाटावी. ते बिचारं तीन दिस हात जोडून वायर मागायलंय. प्लीज म्हणायलंय रे! आन् मी त्याचं प्वाट धुवायलाव."

दीपमाला हसली नाही. ही गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. हसली असती तर तो भांडला असता आणि मोकळा झाला असता. तिनं नुसतं विचारलं, "इतकी वर्षं कसं केलात काका, वाचल्याबगर?" मग तिनं त्याच कागदावर प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली मराठीत अर्थ लिहून दिला. मोठ्या अक्षरात. खाली स्वतःचा मोबाइल नंबरही.

संध्याकाळी परत आल्यावर त्यानं माळ्यावरचं खोकं काढलं आणि आखूड वायर जोडली. पडदा उजळला. अनिलकुमारनं नारळ फोडला. मात्र मिक्सिंग सुरू करताच दहाव्या मिनिटाला मशीन खटकन् बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. दोन कार्डांना पुरेल एवढा करंट जुन्या एसएमपीएसला देता येत नव्हता. डब्याला वीज पुरवणारी ती पेटी स्वस्तातली होती आणि तिच्यावर छापलेला आकडा हा तिचा निव्वळ आत्मविश्वास होता. पुन्हा गुलबर्गा, नवी पेटी. या वेळी तात्यारावानं फॉरमॅटचं नाव काढलं नाही. गावातल्या लोकांना त्यानं सांगितलं की हे मॉडेल करंटच्या बाबतीत फार नाजूक असतं, अनुभवी माणसालाच कळतं.

अशा रीतीनं सतराव्या दिवशी दोन्ही कार्डं चालू झाली. अनिलकुमारनं घड्याळ लावून एका लग्नाचं मिक्सिंग केलं. पूर्वी जेवढा वेळ लागायचा बरोब्बर तेवढाच लागला. त्यानं दीपमालाला फोन केला. तिनं सांगितलं, तुमचं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर दुसरं कार्ड वापरतच नाही. दुसऱ्या कार्डानं जास्तीचे पडदे जोडता येतात, वेग वाढत नाही. अनिलकुमारनं मग दुकानाच्या दर्शनी भागात एक जास्तीचा पडदा टांगला आणि त्यावर दिवसभर गुलाब पडत ठेवले. येणारी-जाणारी माणसं उभी राहून बघायची. दुसरा बैल औताला जुंपला नाही, दारात उभा केला.

राहिली इरप्पाच्या लेकीची डीव्हीडी. अनिलकुमार कलावंत माणूस. उरलेला वीस मिनिटांचा तुकडा त्यानं शेवटी ठेवला आणि त्याच्या आधीचा तास भरून काढला. फोटो होते ते बदामात घातले. अक्षतांच्या वेळी कुणाच्या तरी अक्षता, हात तेवढे दिसतील असे. आणि वरातीच्या जागी भालकीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाची वरात, लांबून घेतलेली, पांढऱ्या घोड्यासकट. डीव्हीडी वाडीला गेली.

तात्यारावाला हे कळलं तेव्हा त्याला जेवण जाईना. मला म्हणाला, "स्कूटर काढ. त्याला खरं सांगून येऊ."

"कामून उगं? त्याला कळलं बी नसंल."

"कळलं न्हाई म्हणून तर."

आम्ही वाडीला गेलो. इरप्पा दाराशी दोर वळत बसला होता, त्याची बायको बाणूबाई ज्वारी निवडत होती. पाणी झालं, चहा झाला. तात्यारावानं घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. कार्ड, व्हायरस, डी ड्राइव्ह, कॅसेटीवरचा वाढदिवस. "इरप्पाअण्णा, त्यातला घोडा तुमच्या वरातीतला न्हाई," एवढं म्हणून तो मान खाली घालून बसला.

इरप्पा उठला. मला वाटलं आता हा मारतो. त्यानं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हे कुणाकुणाला ठाव हाय?"

"आम्ही तिघं."

"तिघंच राहू द्या. आख्ख्या वाडीनं टीव्हीत बघितलाय घोडा. सोयऱ्याला म्या सांगितलंय, अंधार व्हता म्हणून तुम्हाला दिसला न्हाई."

"आन् नवरदेव? घोड्यावरला?"

"फेट्यात त्वांड कुठं दिसतंय?"

बाणूबाईनं सूप खाली ठेवलं.

"ते शेवटचं तरी आमचंच हाय का? पोरगी माझ्या गळ्याला पडती ते?"

"ते तुमचंच हाय, अक्का," तात्याराव म्हणाला. "त्याला हात लावला न्हाई कुणी."

"मग झालं की. मी तेवढंच बघते. त्याच्या आदीचं ह्यांच्यासाठी हाय."

परत येताना तात्याराव स्कूटरवर माझ्या मागं बसला होता. एवढी तयारी करून कबुली द्यायला जावं आणि समोरच्यानं ती दार लावून परत करावी, हे त्याला झेपलं नव्हतं. "आता मी काय करू?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी खड्डे चुकवत होतो.

त्यानं केलं ते असं. एक शंभर पानी वही आणली. कुणाच्याही कॉम्प्युटरवर इंग्रजी ओळ आली की ती वहीत उतरवायची, आणि गुरुवारी दीपमालाला फोन लावून, अक्षर अक्षर सांगून अर्थ विचारायचा. हळूहळू त्याला अक्षरं जोडता यायला लागली. दोन वर्षांत तो मोठ्यानं, बोट ठेवून, पण वाचायला लागला. दीपमालानं नोकरीची दुकानं बदलली, पण नंबर बदलला नाही, आणि त्यांची भेट मात्र त्या दोनच वेळा झाली.

आता कुणालाही वाटेल की वाचता येणाऱ्या इंजिनिअरचा धंदा वाढला असेल. धंदा बसला. पूर्वी तो यायचा, झटक्यात सगळं पुसायचा, चहा प्यायचा, जायचा. आता यायचा आणि वाचत बसायचा. कुठलंही सॉफ्टवेअर टाकताना जो लांबलचक करार येतो आणि ज्याला सगळं जग न वाचता होकार देतं, तो करार तात्याराव पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि मधेच मालकाला विचारायचा, "हे तुम्हाला कबूल हाय का?" लोक कंटाळले. "पयला तात्याराव बरा व्हता," असं माझ्या दुकानात उघड बोलायला लागले. बसवकल्याणहून एक नवा माणूस येऊ लागला. तो काहीच वाचत नाही, त्याचा धंदा फार चालतो.

दोन हजार चौदाला तात्यारावानं धंदा आवरला आणि उदगीरला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लागला. हुद्दा अटेंडर. मागच्या दिवाळीला आला होता. नोकरी कशी आहे विचारलं तर म्हणाला, बरी आहे, सगळी पोरं इंग्रजी शिकलेली आहेत, पण पडद्यावर काही आलं की वाचायच्या आधी त्यालाच हाक मारतात.